गाळलेली जागा

दोन्ही नळ्या तिने एकामागून एक काट्यावर ठेवल्या. दुसरीत पिपेटने आणखी अर्धा थेंब पाणी सोडल्यावर दोन्ही आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले. मग एक नळी सेंट्रिफ्यूजच्या एका खाचेत आणि दुसरी बरोबर तिच्या समोरच्या खाचेत बसवून तिने झाकण लावलं.

"जाऊ बसवलीस ना?" पलीकडच्या टेबलावरून बाईंनी मान वर न करता विचारलं.

"बसवली."

तोल सांभाळायला समोर ठेवायच्या पाण्याच्या नळीला या प्रयोगशाळेत जाऊ म्हणत. नाव इथल्या प्रमुख असलेल्या बाईंनीच पाडलेलं. दोघी समोरासमोर, वजन सारखं. एकीचं रतीभर जास्त झालं की सगळं घर हलतं. बाई स्वतः तीन जावांतल्या मधल्या होत्या, त्यामुळे यावर कुणी वाद घालत नसे.

तिने बटण दाबलं. मशीनचा घुमा आवाज चढत चढत एका पट्टीत स्थिर झाला. दहा मिनिटं. ही शेवटची फेरी.

जावेच्या नळीत नुसतं पाणी होतं. दुसरीत होतं ते दहा महिन्यांचा असताना वारलेल्या एका मुलाचं उरलेलं सगळं. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी टाचेला सुई टोचून जाड कागदावर रक्ताचे चार ठिपके घेतले होते आणि ते कार्ड इस्पितळाच्या कुठल्याशा खणात तसंच पडून राहिलं होतं. तिच्या हातात आलं तेव्हा त्याला तीन भोकं होती. चार वर्तुळांपैकी तीन आधीच कापलेली.

"पहिल्या वेळी पुरलं नाही," बाई एवढंच म्हणाल्या होत्या. तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर होती.

मुलाची आई पुन्हा गरोदर होती, चौथा महिना लागलेला. आईबापांच्या रक्तात दोन-दोन संशयास्पद बदल सापडले होते. त्यातला नेमका कोणता मुलाला नडला ते मुलाच्याच रक्तातून कळणार होतं. ते कळलं तर पोटातल्या बाळात काय शोधायचं हे डॉक्टरांना ठरवता येणार होतं. तपासणी परवा होती. चौथ्या वर्तुळातून डीएनए निघाला होता, पण चारशे मायक्रोलिटर पाण्यात पसरलेला, विरळ आणि क्षारांनी भरलेला. तो दाट आणि स्वच्छ करायला या नव्या गाळण्या होत्या. नळीच्या आत, जावेच्याही, करंगळीच्या नखाएवढा पेला आणि पेल्याला उभा पडदा. मशीन फिरलं की पाणी आणि क्षार पडद्यातून खाली उतरतात. डीएनएचे लांब धागे पडद्यातून जात नाहीत, ते वर पेल्यात राहतात. शेवटी उरतो वीस मायक्रोलिटरचा मणी. डोळ्यात आलेलं पाणी पापणीला अडकावं, एवढा.

ती रजेवर असताना या गाळण्या आल्या होत्या. परतल्यावर सोमवारी तिने चार वेळा सराव केला होता. चारही वेळा नीट झालं होतं.

एप्रनच्या खिशात फोन थरथरला. तिने तो काढला नाही. थांबला, पुन्हा थरथरला. घरून असणार. सासूबाई एकदा वाजवून ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण कामाच्या वेळी दोनदा वाजवणाऱ्यांतल्याही नव्हत्या. तिने भिंतीकडे पाहिलं. कचऱ्याच्या डब्यावर बाईंच्या अक्षरातला नवा कागद चिकटवलेला होता: मोजल्याशिवाय काहीही टाकू नये. खाली गेल्या महिन्याची आठ तारीख. बाई सूचनेवरही तारीख घालत.

तिसऱ्यांदा फोन थरथरला तेव्हा तिची छाती दाटून आली. दूध काढायची वेळ कधीच टळून गेली होती. कापडाला ओल लागल्याचं तिला कळलं आणि त्याच वेळी मशीनने शिट्टी दिली.

झाकण उघडून तिने दोन्ही नळ्या बाहेर घेतल्या. वरचे पेले चिमटीत धरून उचलले, डब्यात टाकले. जावेचं खालचं पाणी मोरीत ओतलं. नाव लिहिलेल्या नळीचं टोपण दाबून लावलं, ती बर्फात उभी केली आणि हातमोजे काढत बाहेर पडली.

"अगं, बाटली तोंडातच धरत नाही," सासूबाई म्हणाल्या. मागे मुलगी रडत होती, पण ते दमलेलं, लांबवलेलं रडणं होतं, घाबरण्यासारखं नव्हतं. "जीभ लावते आणि तोंड फिरवते. अगदी बापाचं वळण."

"वाटी-चमच्याने देऊन बघा ना."

"दिलं. माझ्या मांडीने प्यायलं सगळं. हिच्या पोटात काही गेलं नाही."

"ताप नाही ना?"

"ताप नाही, हट्ट आहे. तू तुझं काम कर. नुसतं कानावर घातलं."

फोन ठेवला तेव्हा बोळातल्या बाकावरची बाई तिच्याकडे बघत होती. ही बाई काल होती, परवाही होती. गुडघ्यावर बिस्किटांचा पुडा, त्यातलं एकच अर्धं खाल्लेलं. कार्डावर जे आडनाव होतं तेच तिच्या मांडीवरच्या फायलीवर होतं. घरच्यांशी बोलायचं नाही, असा इथला नियम होता.

"किती महिन्यांचं आहे?" बाकावरच्या बाईने विचारलं. एप्रनवर ओला डाग पडला होता.

"सातवा चालू आहे."

"आमचा सातव्यात बसायला लागला होता. टेकू न देता." बिस्किटाचा पुडा तिने या हातातून त्या हातात घेतला. "परवा मला आत घेणार आहेत. तोवर कळेल ना काय ते? दुसऱ्यांदा पाठवलंय म्हणून विचारलं. गेल्या वेळी पुरलं नाही म्हणाले. आता याहून जास्त तर आमच्याकडे काही नाही."

"काम चालू आहे," ती म्हणाली. एवढंच म्हणायची मुभा होती.

दूध काढायला ती कोठीच्या खोलीकडे वळली होती. दोन पावलं गेल्यावर परत फिरली. आधी मोजून टाकू.

हातमोजे चढवले. बर्फातली नळी काढली, एक मायक्रोलिटर उचलून मोजणीयंत्राच्या काचेवर सोडला. पडद्यावर रेघ उमटली, सपाट. शून्य पूर्णांक शून्य.

काच पुसून तिने पुन्हा थेंब टाकला. शून्य पूर्णांक शून्य.

नळी तिने उजेडात धरली. तळापासून अर्ध्यावर पाणी होतं. चांगलं भरपूर, चारशेच्या आसपास. वीस असायला हवं होतं.

ती तशीच उभी राहिली. नळी हातात, हात हवेत. दहा वर्षं तिने जुन्या गाळण्या वापरल्या होत्या. त्यांत डीएनए चकतीला चिकटायचा, शेवटी पाण्याबरोबर खाली यायचा आणि वरचं फेकून द्यायचं. खालचं ठेव, वरचं टाक. आज सकाळीही, कार्डाचा तुकडा उकळून झाल्यावर, तिने तेच केलं होतं. नव्या गाळणीत सगळं उलटं होतं, तिला ते तोंडपाठ होतं, सोमवारी चारदा करून झालं होतं. हाताला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तिने डब्याचं झाकण पायाने उघडलं. आत नवी कोरी पिवळी बॅग होती.

घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, भांडी धुणारे मामा तीनला कचरा उचलतात, सव्वातीनला ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. वाफेच्या दाबाखाली एकशे एकवीस अंशांवर जे काही शिजतं, त्यातून पुन्हा कुणाचं काही शोधता येत नाही.

जिना तिने कसा उतरला हे तिला नंतर आठवेना. तळघरातल्या खोलीत वाफेचा वास होता, ऑटोक्लेव्ह फुसफुसत होता आणि दाबाचा काटा लाल रेघेच्या अलीकडे थरथरत होता. मामा स्टुलावर बसून चहा पीत होते. तेवीस वर्षं काचेची भांडी धुऊन त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"मामा, बॅग."

"कुठली?"

"आमच्या खोलीतली. आत टाकलीत?"

मामांनी मशीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कप खाली ठेवला.

"टाकलीच असती. रोज सव्वातीनला टाकतच होतो की. पण गेल्या महिन्यापासून बाईंचा हुकूम आहे, पाचच्या आत बॅग शिजवायची नाही. आत नुसत्या बाटल्या आहेत." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "तुम्ही रजेवर होतात, ताई. बसा आधी. पांढऱ्याफटक झालात."

ती बसली नाही. मामांनी टेबलावर स्वच्छ कागद अंथरला, तिने नवे हातमोजे घातले, मामांनीही घातले.

"काय हरवलंय? अंगठी?"

"त्याहून लहान."

बॅग उलटी करायची नाही, एकेक वस्तू वरून उचलायची, असं तिने त्यांना सांगितलं. चुरगळलेले हातमोजे निघाले. पिपेटची वापरलेली शेकडो टोकं. जुन्या गाळण्या, पांढऱ्या चकतीच्या, जाड. त्या तिने बाजूला केल्या. मामा श्वास रोखून काम करत होते, चहाचा कप त्यांनी पायानेच दूर सरकवला होता. हातमोज्याच्या एका बोटात अडकून उभा राहिलेला पहिला पेला त्यांनाच दिसला. तिने तो चिमटीत धरून वर उचलला. तळाशी मणी होता.

"हा का?"

तिने तो जपून कागदावर उभा ठेवला. दुसरा पेला बॅगच्या अगदी तळाशी, आडवा पडलेला सापडला. पाणी सांडलं नव्हतं; पडद्याला धरून तसंच राहिलं होतं.

"दोन मिळाले. मग बरंच झालं की."

"एकात पाणी आहे, मामा. नुसतं."

"आणि कुठल्यात कुठलं ते?"

नाव तिने पेल्यावर लिहायला हवं होतं. लिहिलं होतं खालच्या नळीच्या टोपणावर, दहा वर्षांच्या शिरस्त्याने.

"जावाजावा," मामा हळूच म्हणाले. "पाठमोऱ्या बघितल्या की कळत नाहीत."

दोन्ही पेले दोन नव्या नळ्यांत पालथे घालून तिने वर नेले. बाई जागेवर नव्हत्या. पालथे पेले मशीनमध्ये समोरासमोर बसवले. या वेळी वेगळी जाऊ लागली नाही. दोन मिनिटं, मंद वेगावर. पेल्यांतले मणी नव्या नळ्यांच्या तळाशी उतरले. तिने त्यांवर एक आणि दोन असे आकडे घातले. छाती आता दगडासारखी झाली होती आणि हात हलला की बगलेपर्यंत कळ जात होती.

एक नंबर. शून्य पूर्णांक एक.

दोन नंबरचा थेंब काचेवर सोडताना तिने डावा हात उजव्या मनगटाखाली धरला. रेघ उमटायला तीन सेकंद लागतात. रेघ चढली, टेकडीसारखी, आणि उतरली. नऊ पूर्णांक चार.

पाच असता तरी पुरला असता.

मामा दारात उभे होते. आत यायची त्यांना परवानगी नव्हती.

"सापडलं?"

तिने मान हलवली.

"मग झालं तर," मामा म्हणाले. थोडं थांबून, खालच्या आवाजात, "माझ्या तोंडून कुठे जाणार नाही, ताई. मला यातलं काय कळतंय."

ते गेले. तिने नळी दोन बर्फात ठेवली. आता फक्त नाव लिहायचं होतं आणि पुढच्या खोलीत द्यायचं होतं. आकडा चांगला होता. शुद्धता चांगली होती. वीस मिनिटं हा पेला तोंड उघडं ठेवून कुठे पडला होता, हे आकडा सांगत नाही. आजूबाजूला कुणाकुणाचं रक्त लागलेली टोकं होती, बाईंचे हातमोजे होते, तिचे स्वतःचे. त्यातलं कणभर आत पडलं असलं तरी उत्तर आलंच असतं. व्यवस्थित, छापील, सहीनिशी. दुसऱ्याच कुणाचं.

दाराच्या काचेतून बाकाचं एक टोक दिसत होतं आणि बिस्किटांच्या पुड्यावरचा हात.

ती बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती वेळ होता बॅगेत?"

"वीस मिनिटं. थोडी जास्तच."

"मोजलंस?"

"नऊ चार."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "जुळवणी लाव. आईबापांचे नमुने फ्रीझरमध्ये आहेत. मुलाचं जे निघेल ते अर्धं आईशी, अर्धं बापाशी जुळलं पाहिजे. त्यात दोन थेंब जातील, जाऊ देत."

"आणि तिसरं कुणी निघालं तर?"

"तर परवा आपल्याकडे सांगायला काही नसेल." बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि धाकटे, आधी दूध काढून ये. एप्रन बदल. तुझ्याकडे बघवत नाही."

कोठीच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली. पंपाच्या बाटलीत दूध आधी थेंबथेंब आणि मग धारेने पडू लागलं. बाटलीवरच्या रेषा ती मोजत राहिली. मग लेबलावर मुलीचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, वेळ लिहिली. टोपण लावल्यावर लेबल पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

त्या रात्री मुलगी छातीला चिकटून शांत झोपली. तिला मात्र झोप अशी लागलीच नाही.

जुळवणी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. डीएनएवरच्या सोळा जागा तपासायच्या होत्या. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडचा, एक बापाचा. सात. अकरा. चौदा. तिसरा आकडा कुठेच नव्हता. सोळावी ओळ संपल्यावर ती पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागली, तेव्हा बाईंनी कागद तिच्या हातातून काढून घेतला.

"पुरे. त्याचाच आहे. दे पुढे."

नमुना पुढच्या खोलीत गेला. उत्तर उद्या सकाळी नऊच्या आत मिळणार होतं.

मग तिने कपाटातून चुकांची वही काढली. जिच्या हातून चूक झाली तिने स्वतः लिहायचं, असा बाईंचा दंडक होता. लिहिणाऱ्याला कुणी कधी बोललं नव्हतं. लपवणाऱ्या एकीला, फार पूर्वी, बाईंनी एका दिवसात घरी पाठवलं होतं. वहीत चार रकाने होते: तारीख, काय झालं, कुणाच्या हातून, कुणाला कळवलं. ओळींना आधीच क्रमांक घातलेले. तीस नंबरला फ्रीझरचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं. बत्तीसला लेबलं उलटी लागली होती. मधली एकतीस कोरी होती.

तिने तेहेतीसवर लिहिलं. एका ओळीत मावेना, म्हणून अक्षर बारीक केलं.

सही घ्यायला वही घेऊन ती बाईंच्या टेबलाशी गेली.

बाईंनी वाचलं. वाचून झाल्यावरही त्या कागदाकडेच बघत राहिल्या.

"मध्ये एक ओळ गाळली गेलीय कुणाकडून तरी," ती म्हणाली. "मी ती तशीच ठेवली. तुम्ही म्हणता ना, मागे जाऊन लिहायचं नाही."

"हो. म्हणते मी तसं."

बाईंनी पेन उचललं. तिच्या ओळीखाली सही केली. पेन मात्र खाली ठेवलं नाही. ते दोन ओळी वर सरकलं आणि एकतीस नंबरवर थांबलं. बाईंचं अक्षर नेहमी टपोरं असे. आता त्या हळूहळू, शाळेतल्या मुलीसारख्या लिहू लागल्या आणि ती समोर उभी राहून उलट्या बाजूने वाचू लागली.

गेल्या महिन्याची आठ तारीख.

नवी गाळणी. खालचं ठेवलं, वरचं टाकलं. कळलं तेव्हा बॅग शिजून झाली होती. एका कार्डाची तीन वर्तुळं.

तिसऱ्या रकान्यात बाईंनी स्वतःचं पूर्ण नाव घातलं. तिथे सही चालली असती.

चौथ्या रकान्यावर पेन आलं आणि नुसतं टेकून राहिलं. शाईचा ठिपका कागदावर पसरत मोठा झाला. बाहेर मामांची बादल्यांची ढकलगाडी खडखडत गेली.

"बाकावरच्या तिला 'पुरलं नाही' म्हणून सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.



बाई उठल्या. वही उघडीच ठेवली. एप्रनची बटणं वरपासून खालपर्यंत लावली, सगळ्यात वरचंसुद्धा, जे त्या कधीच लावत नसत, आणि दार ढकलून बोळात गेल्या. पेन त्यांच्या हातातच राहिलं होतं.

दाराच्या काचेतून बाकाचं टोक दिसत होतं. बाकावरचा हात पुढे आला, बिस्किटांचा पुडा उचलून मांडीवर घेतला आणि शेजारी बसायला जागा करून दिली.